बुरशीच्या औषधाची रक्तातली पातळी: लॅबला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातल्या एका लॅबमध्ये औषधांच्या पातळ्या मोजायचं काम मी करते. दिवसभर फोन वाजत असतो. कधी वॉर्डातल्या सिस्टर, कधी रेसिडेंट डॉक्टर, कधी रुग्णाचा मुलगा. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली. डोस किती घ्यायचा, हे मात्र तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.

१. ‘अँटीफंगल लेव्हल’ म्हणजे बुरशी किती आहे ते कळतं का?

नाही. या तपासणीत बुरशी दिसतच नाही. तुम्ही घेत असलेलं औषध रक्तात किती उरलंय, एवढंच मोजलं जातं. बुरशी कोणती, हे कल्चर किंवा बायोप्सी सांगते. ती कोणत्या औषधाला दाद देईल, हे सेन्सिटिव्हिटीतून कळतं. तीनही रिपोर्ट शेजारी ठेवून वाचले तरच चित्र पुरं होतं (प्रश्न १४ पाहा).

२. बुरशीच्या सगळ्याच औषधांची लेव्हल करावी लागते का?

नाही. नेहमी करावी लागते ती व्होरिकोनाझोल, पोसाकोनाझोल, इट्राकोनाझोल आणि फ्लुसायटोसिन या चारांची. फ्लुकोनाझोल अंगात नीट शोषलं जातं आणि बरंचसं जसंच्या तसं लघवीवाटे जातं. त्याची पातळी डोस आणि किडनीच्या कामावरून अंदाजता येते, म्हणून एरवी मोजत नाहीत. इसावुकोनाझोलचंही तसंच, काही अवघड रुग्ण सोडले तर. अँफोटेरिसिन बीची पातळी मोजून उपचार ठरत नाहीत. तिथे किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनीन, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम यांवर लक्ष ठेवायचं.

२०२१ च्या उन्हाळ्यात म्युकर (काळी बुरशी) पसरला होता, तेव्हा ‘अँफोटेरिसिनची लेव्हल करून द्या’ म्हणणारे फोन रोज यायचे. लोक घाबरलेले होते, इंजेक्शनं मिळत नव्हती. आकडा काढला असता तरी त्याचा उपयोग शून्य होता.

३. व्होरिकोनाझोलच्या लेव्हलसाठी डॉक्टर एवढे मागे का लागतात?

कारण या औषधाला सरळ हिशोब माहीत नाही. तोंडी डोस २०० वरून ३०० मिलिग्रॅम केला, म्हणजे दीडपट, तर शरीराला मिळणारं औषध सरासरी अडीचपट होतं. लिव्हरमधली ते निकामी करणारी एन्झाइमं भरून जातात आणि औषध साचत राहतं. उलट बाजूलाही तसंच. डोस जरासा कमी केला की पातळी धाडकन खाली.

त्यात माणसामाणसांत फरक. सीवायपी२सी१९ हे एन्झाइम काहींत जन्मतःच मंद असतं. अशा माणसात तोच डोस साधारण चौपट ‘लागतो’. हा मंदपणा युरोपीय वंशाच्या लोकांपेक्षा आशियाई लोकांत कितीतरी जास्त आढळतो. काहींत हेच एन्झाइम सुसाट असतं. अशी माणसं दोन वेळा गोळी घेऊनही जवळजवळ रिकामीच राहतात.

पुढचा डोस घेण्याआधीची पातळी साधारण १ मिलिग्रॅम प्रति लिटरच्या वर हवी. आजार गंभीर असेल तर काही तज्ज्ञ २ च्या वर मागतात. ५.५ च्या पुढे गेली की भास होणं, गोंधळणं असे त्रास वाढतात. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या ५२ रुग्णांच्या एका स्विस अभ्यासात, पातळी १ किंवा त्याखाली असणाऱ्यांपैकी ४६ टक्क्यांना गुण आला नव्हता. १ च्या वर असणाऱ्यांत हेच प्रमाण १२ टक्के होतं. २०१२ मध्ये कोरियातल्या ११० रुग्णांत पातळी बघून डोस बदलायचा की नाही, अशी चिठ्ठ्या टाकून तुलना झाली. पातळी बघणाऱ्या गटात त्रासामुळे औषध सोडणारे ४ टक्के, न बघणाऱ्या गटात १७ टक्के. ही तपासणी खर्चिक आहे म्हणून कुरकुरणाऱ्यांना मी हेच दोन आकडे सांगते.

४. रक्त नेमकं कधी काढायचं?

पुढचा डोस देण्याच्या अगदी आधी. याला आम्ही ‘ट्रफ’ म्हणतो, म्हणजे दोन डोसांमधला तळ.

पण कितव्या दिवशी, हेही तितकंच महत्त्वाचं. व्होरिकोनाझोलचा पहिल्या दिवशीचा मोठा लोडिंग डोस दिला असेल तर दुसऱ्या ते पाचव्या दिवसात पहिलं सॅम्पल. पोसाकोनाझोल सावकाश साठतं, त्यामुळे साधारण आठवड्याने. इट्राकोनाझोलला दोन आठवडेही लागतात. डोस बदलला, सलाईनवरून गोळीवर आलात, मध्येच एखादं नवं औषध सुरू झालं, तर घड्याळ पुन्हा पहिल्यापासून.

आमच्याकडे सकाळी अकराला एक ट्यूब आली होती. चिठ्ठीवर फक्त ‘व्होरी लेव्हल’. आकडा आला ७.२. वॉर्डात फोन केला तेव्हा कळलं की औषधाची सलाईन साडेदहाला संपली आणि लगेच रक्त काढलं. म्हणजे आम्ही तळ मोजलाच नव्हता, शिखर मोजलं होतं. रेसिडेंट डोस निम्मा करायच्या बेतात होते. रात्रीच्या डोसआधी पुन्हा सॅम्पल घेतलं, तेव्हा २.१. यंत्र दोन्ही वेळा बरोबर होतं. तेव्हापासून शेवटच्या डोसची वेळ आणि रक्त काढल्याची वेळ, या दोन ओळी नसतील तर मी फोन केल्याशिवाय सॅम्पल लावत नाही. वॉर्डातले लोक वैतागतात. वैतागू देत.

५. उपाशीपोटी यायचं का?

तपासणीसाठी उपाशी असण्याची गरज नाही. औषध मात्र ज्या रीतीने रोज घेता, त्याच रीतीने आदल्या दिवशीही घ्या. व्होरिकोनाझोलची गोळी जेवणाच्या तासभर आधी किंवा तासभर नंतर. इट्राकोनाझोलची साधी कॅप्सूल भरल्या पोटी, पण त्याचंच पातळ औषध रिकाम्या पोटी. पोसाकोनाझोलचं पातळ औषध तर तूप-तेल असलेल्या जेवणासोबतच, नाहीतर ते नीट शोषलं जात नाही. सकाळची गोळी बरोबर आणा आणि रक्त दिल्यावर घ्या.

६. पिवळ्या झाकणाची जेल ट्यूब चालेल का?

नको. ही औषधं स्निग्ध पदार्थाला चिकटणारी आहेत. ट्यूबमधल्या जेलमध्ये ती हळूहळू शोषली जातात आणि पातळी खोटी कमी दिसू शकते. सॅम्पल जितका वेळ जेलवर पडून, तितका हा धोका जास्त. साधी लाल झाकणाची, जांभळी ईडीटीए किंवा हिरवी हेपरिनची ट्यूब द्या, पण एका रुग्णाची दर वेळी एकाच प्रकारची. दोन ते तीन मिलिलिटर रक्त पुरतं.

७. सेंट्रल लाइनमधूनच रक्त काढलं तर?

सेंट्रल लाइन म्हणजे मोठ्या शिरेत बसवून ठेवलेली नळी. ज्या नळीतून औषध गेलं, तिच्यातून काढू नका. नळीच्या आतल्या बाजूला औषध चिकटून राहतं, आणि ते सॅम्पलमध्ये उतरलं की आकडा आभाळाला भिडतो. लाइनला दुसरी वाट असेल तर तिथून, आधी पुरेसं रक्त टाकून देऊन. सगळ्यात बरं म्हणजे दुसऱ्या हाताच्या शिरेतून.

८. लॅबमध्ये आल्यावर त्या रक्ताचं तुम्ही करता काय?

आधी सेंट्रिफ्यूज करून प्लाझ्मा वेगळा करतो. त्यातला २०० मायक्रोलिटर, म्हणजे चारेक थेंब, छोट्या ट्यूबमध्ये घेतो आणि त्यावर दुप्पट-तिप्पट असिटोनायट्राइल ओततो. दुधात लिंबू पिळल्यावर जसं फाटतं, तसं डोळ्यांदेखत होतं. प्रथिनं पांढऱ्या चोथ्यासारखी खाली बसतात आणि औषध वरच्या पाण्यात राहतं. जोरात फिरवून ते निवळ घ्यायचं आणि यंत्रात सोडायचं.

एचपीएलसी नावाच्या या यंत्रात ते निवळ पेन्सिलएवढ्या, सिलिकाच्या बारीक कणांनी भरलेल्या स्टीलच्या नळीतून दाबाने ढकललं जातं. या नळीला कॉलम म्हणतात. त्या कणांवर कार्बनच्या अठरा-अठरा अणूंच्या साखळ्या बसवलेल्या असतात. जो रेणू जास्त स्निग्ध तो तिथे जास्त रेंगाळतो, त्यामुळे व्होरिकोनाझोल आधी बाहेर पडतं आणि इट्राकोनाझोल बरंच नंतर. दुसऱ्या टोकाला अतिनील प्रकाश रोखून धरलेला असतो. व्होरिकोनाझोलसाठी साधारण २५६ नॅनोमीटर, पोसाकोनाझोल-इट्राकोनाझोलसाठी २६० च्या आसपास. औषध समोरून गेलं की प्रकाश कमी पोचतो आणि स्क्रीनवर एक टेकडी उमटते. टेकडीचं क्षेत्रफळ म्हणजे औषधाचं प्रमाण.

यात एक चोरटी पायरी आहे. सुरुवातीलाच प्रत्येक ट्यूबमध्ये आम्ही एक परकं रसायन ठरावीक मापाने घालतो. त्याला इंटर्नल स्टँडर्ड म्हणतात. ओतताना थोडं सांडलं, सुई कमी भरली, तर औषध आणि हे रसायन दोन्ही सारखीच कमी होतात आणि त्यांचं गुणोत्तर टिकतं. म्हणून आम्ही नुसती टेकडी मोजत नाही, दोन टेकड्यांचं प्रमाण मोजतो. मग माहीत असलेल्या पातळ्यांच्या सॅम्पलांवरून काढलेल्या रेषेवर ते बसवायचं.

९. एलसी-एमएस/एमएस जास्त चांगली म्हणतात. एचपीएलसीचा रिपोर्ट कमी दर्जाचा का?

कमी दर्जाचा नाही. नीट चालवलेली एचपीएलसी या कामाला पुरेशी आहे. फरक ओळखण्याच्या रीतीत आहे. एचपीएलसी ‘अमुक मिनिटाला बाहेर पडला’ यावरून रेणू ओळखते. त्याच मिनिटाला रुग्णाचं दुसरं एखादं औषध बाहेर पडलं तर दोन टेकड्या एकमेकींवर बसतात. आयसीयूतल्या रुग्णाला पंधरा-पंधरा औषधं चालू असतात, त्यामुळे ही भीती काल्पनिक नाही.

एलसी-एमएस/एमएसमधला मास स्पेक्ट्रोमीटर रेणूचं वजनच करतो. विद्युतभार दिलेलं व्होरिकोनाझोल ३५० वजनाला निवडायचं, फोडायचं आणि त्याचा २८१ किंवा १२७ चा तुकडा मोजायचा. एवढ्या गाळण्यांतून भलता रेणू सहसा निसटत नाही. एकाच धावेत चार-पाच औषधं मोजता येतात, रक्तही कमी लागतं. पण या यंत्राचेही नखरे आहेत. रक्तातले फॉस्फोलिपिड त्याच वेळी आत शिरले तर औषधाला भार मिळत नाही आणि पातळी कमी दिसते. त्यावर उपाय म्हणजे त्याच औषधाचा, हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम घातलेला जुळा भाऊ इंटर्नल स्टँडर्ड म्हणून वापरणं. जे संकट औषधावर, तेच जुळ्यावर. कोणी ‘आमच्याकडे मास स्पेक आहे’ म्हणून मिरवलं, तर मी आधी विचारते, इंटर्नल स्टँडर्ड कोणतं?

१०. इट्राकोनाझोलचा एका ठिकाणी ६ आला, दुसऱ्या ठिकाणी १.१. कोण खोटं बोलतंय?

बहुधा कोणीच नाही. पद्धत विचारा. पहिली लॅब बायोअसे करत असणार. त्यात आगरच्या थाळीत औषधाला दाद देणारं यीस्ट मिसळतात, छोट्या विहिरी पाडून त्यांत रुग्णाचं सीरम भरतात आणि दुसऱ्या दिवशी भोवतीचं न वाढलेलं वर्तुळ मोजतात. वर्तुळ जितकं मोठं, तितकं औषध जास्त. स्वस्त, सोपं आणि जुनं.

पण यीस्टला औषधाचं नाव वाचता येत नाही. शरीरात इट्राकोनाझोलचं हायड्रॉक्सी-इट्राकोनाझोल बनतं आणि तेही बुरशी मारतं. थाळीवर दोघांची बेरीज येते. त्यामुळे बायोअसेचा आकडा एचपीएलसीच्या दोन ते दहा पट असतो. म्हणून उपचारासाठी एचपीएलसीवर साधारण ०.५ ते १ च्या वर आणि बायोअसेवर ५ ते १७, अशी दोन वेगळी मापं वापरतात. ती एकमेकांत मिसळायची नाहीत. रुग्णाला बुरशीचं दुसरं औषधही चालू असेल तर थाळीवर त्याचीही भर पडते, आणि मग तो आकडा कशालाच धरून नसतो.

११. साध्या ऑटोअ‍ॅनलायझरवर, किट वापरून होत नाही का?

व्होरिकोनाझोलसाठी एन्झाइम इम्युनोअसे निघाल्या आहेत आणि त्या बायोकेमिस्ट्रीच्या नेहमीच्या यंत्रावर चालतात. रिपोर्ट तासाभरात. वेग हवा तिथे उत्तम. मात्र एका किटमध्ये एकच औषध मोजलं जातं, आणि सॅम्पल कमी असतील तर किट उघडून वाया जातं.

१२. तपासणी वीस मिनिटांची, मग रिपोर्टला तीन दिवस का?

धाव वीस मिनिटांचीही नसते. पण एका सॅम्पलसाठी रिकामं सॅम्पल, सहा-सात कॅलिब्रेटर (माहीत असलेल्या पातळ्यांची सॅम्पलं), मोजणी बरोबर येतेय का हे पडताळायला कमी-मध्यम-जास्त असे कंट्रोल, एवढी वरात लावावी लागते. कंट्रोल १५ टक्क्यांच्या बाहेर गेला तर सगळं पुन्हा. म्हणून बऱ्याच लॅब आठवड्यातून ठरावीक दिवशीच लावतात. रुग्ण गंभीर असेल तर फोन करून सांगा, चिठ्ठीवर ‘अर्जंट’ लिहून भागत नाही. चिठ्ठ्या सगळ्याच अर्जंट असतात.

१३. परदेशातल्या रिपोर्टवर १०.५ लिहिलंय. विषबाधा आहे का?

आधी युनिट बघा. काही देशांत मायक्रोमोल प्रति लिटरमध्ये लिहितात. व्होरिकोनाझोलचा १ मिलिग्रॅम प्रति लिटर म्हणजे २.८६ मायक्रोमोल. तेव्हा तुमचे १०.५ म्हणजे आपले ३.७, अगदी छान. पोसाकोनाझोलचा रेणू जड असल्यामुळे त्याचा १ मिलिग्रॅम म्हणजे फक्त १.४३ मायक्रोमोल. मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर आणि मिलिग्रॅम प्रति लिटर हे मात्र एकच.

१४. लेव्हल बरोबर आहे, तरी पेशंट सुधारत नाही. असं कसं?

पहिली शक्यता, बुरशीच वेगळी. व्होरिकोनाझोलचा म्युकरवर परिणाम होत नाही, रक्तात ४ असो की ५. दुसरी, बुरशी औषधाला निर्ढावलेली. तिथे सेन्सिटिव्हिटीतला एमआयसी, म्हणजे बुरशीची वाढ थांबवायला लागणारं कमीत कमी औषध, बघावा लागतो. तिसरी, औषध रक्तात आहे पण जखमेत पोचत नाही. पू साठलेला, मेलेली पेशी, रक्तपुरवठा तुटलेला. तिथे सर्जनला बोलवावं लागतं. मेंदूचंही तसंच. पाठीच्या पाण्यात व्होरिकोनाझोल रक्ताच्या साधारण निम्मं पोचतं, इट्राकोनाझोल आणि पोसाकोनाझोल फारच कमी. पाठीच्या पाण्याची लेव्हल हवी असेल तर आधी विचारा, कारण प्लाझ्माच्या कॅलिब्रेटरवर ते सॅम्पल तसंच लावता येत नाही.

१५. ‘आढळले नाही’ असा रिपोर्ट आला. बाबा तर रोज माझ्यासमोर गोळी घेतात!

आम्ही बाबांवर आरोप करत नाही. टीबीची औषधं चालू आहेत का, हे पहिलं बघा. रिफाम्पिसिन व्होरिकोनाझोलला जवळजवळ गिळून टाकतं, ९० टक्क्यांहून जास्त. म्हणून ही दोन औषधं एकत्र द्यायचीच नसतात. आपल्याकडे टीबी एवढा, त्यामुळे हा किस्सा दर काही महिन्यांनी घडतोच. फिट्ससाठी फेनिटॉइन, कार्बामाझेपिन किंवा फेनोबार्बिटोन चालू असेल तरी पातळी पडते. रिफाम्पिसिन बंद केलं तरी त्याचा परिणाम ओसरायला दोनेक आठवडे जातात. इट्राकोनाझोलच्या कॅप्सूलसोबत अ‍ॅसिडिटीची गोळी रोज घेत असतील तर तेही कारण पुरतं. यातलं काहीच नसेल तर सुसाट एन्झाइमाचा विचार (प्रश्न ३).

१६. व्होरिकोनाझोलचा डोस तोच, गेल्या आठवड्यात २, आज ६.८. लॅबची चूक?

असू शकते, आणि मी कंट्रोल पुन्हा तपासतेच. पण आधी रुग्णाचा सीआरपी, म्हणजे अंगातला दाह दाखवणारी रक्ततपासणी, बघा. अंगात जोराचा जंतुसंसर्ग पेटला की लिव्हरची एन्झाइमं मंदावतात आणि व्होरिकोनाझोल साचतं. संसर्ग उतरला की पातळीही उतरते. म्हणून ताप भरात असताना वाढलेला आकडा पाहून डोस कायमचा कमी केला, तर आठवड्याने तोच रुग्ण १ च्या खाली सापडतो. पुन्हा मोजणं भाग आहे. बसवलेली किडनी शरीराने नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस घेणाऱ्या रुग्णात तर उलट दिशेचीही गंमत आहे: व्होरिकोनाझोल टॅक्रोलिमसची पातळी वाढवतं, तेव्हा दोन्ही मोजा.

१७. पोसाकोनाझोलचं पातळ औषध बंद करून गोळी सुरू केली. डोस तोच ठेवायचा ना?

अजिबात नाही, आणि हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. दोन्हींचे मिलिग्रॅम वेगळ्या हिशोबाचे आहेत. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१६ मध्ये याच गोंधळाबद्दल इशारा दिला होता. गोळी पुष्कळ चांगली शोषली जाते. प्रतिबंधासाठी ०.७ च्या वर आणि उपचारासाठी १ च्या वर हवं, हे गोळीवर सहज जमतं. कधी फारच जमतं. पातळी ३-४ च्या पुढे असणाऱ्या रुग्णाचं बीपी वाढलं आणि पोटॅशियम घसरत राहिलं, तर ते औषधामुळेही असू शकतं.

१८. नायट्यासाठी इट्राकोनाझोल घेतोय, गुण नाही. लेव्हल करू का?

त्वचारोगतज्ज्ञ सहसा सांगत नाहीत आणि मीही आग्रह धरणार नाही. औषध काम करतं ते कातडीत, आणि रक्तातल्या आकड्यावरून तिथला नेमका अंदाज येत नाही. आधी जेवणासोबत घेताय का, अ‍ॅसिडिटीची गोळी चालू आहे का आणि घरातल्या बाकीच्यांना नायटा आहे का, हे बघा. ‘सुपर बायोअव्हेलेबल’, म्हणजे जास्त शोषल्या जाणाऱ्या, प्रकारात मिलिग्रॅम कमी असतात, म्हणून ती औषधं कमजोर समजू नका.

१९. फ्लुसायटोसिन सुरू केल्यापासून क्रिएटिनीन चढतंय. किडनी गेली?

कदाचित गेली नसेल. कोरड्या स्लाइडवर क्रिएटिनीन मोजणाऱ्या एका एन्झाइम पद्धतीत हे औषध स्वतःच क्रिएटिनीनसारखं मोजलं जातं. जाफे पद्धतीने पुन्हा करून घ्या. पण सोबत बहुधा अँफोटेरिसिन चालू असतं आणि ते किडनीला खरोखरच दुखवतं, म्हणून गाफील राहू नका. किडनी खरंच मंदावली तर फ्लुसायटोसिन साचतं. डोसनंतर दोन तासांची पातळी १०० च्या पुढे गेली की बोनमॅरो दबण्याचा, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट पडण्याचा धोका वाढतो. या औषधाचं शिखरही मोजायचं असतं, नुसता तळ नाही. एवढ्यापुरता प्रश्न ४ चा नियम बाजूला ठेवा.

२०. चुकून गोळी घेतली आणि मग रक्त दिलं. सॅम्पल फेकून द्यायचं?

फेकू नका, खरी वेळ लिहा. पोसाकोनाझोल आणि इट्राकोनाझोल इतकी सावकाश उतरतात की काही तासांनी फार बिघडत नाही. व्होरिकोनाझोलचा आकडा गोळीनंतरही ०.४ आला, तर तळ त्याहून खाली असणार हे उघड आहे, आणि डॉक्टरांना तेवढं पुरतं. ४.५ आला तर मात्र त्यावरून काहीच ठरवता येत नाही. मग दुसऱ्या दिवशी सकाळी, गोळी खिशात ठेवून, पुन्हा या.